आयसी की एनसी? परदेशात रुपया काढण्यापूर्वी दर विचारा



गेल्या वर्षी नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतून बेचाळीस जणांची धम्मयात्रा निघाली होती. कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने कुशीनारा आणि मग सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. तिकिटे काढणे, आधारकार्डांच्या झेरॉक्स गोळा करणे, वयस्कर मंडळींची औषधे लिहून घेणे, ही कामे माझ्याकडे होती. सगळे नीट पार पडले असे मी परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत समजत होतो.

बस सुटली आणि आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी पिशवीतून बुद्धमूर्ती काढून सगळ्यांना दाखवली. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. यात्रेसाठी वर्षभर भिशी भरली होती. मूर्ती आठशेची, असे त्या म्हणाल्या. पुढच्या सीटवरच्या भाऊंनीही त्याच दुकानातून तीच मूर्ती घेतली होती. तेही म्हणाले, आठशे. फरक इतकाच की भाऊंनी सोनौलीला पैसे बदलून घेतले होते. त्यांनी आठशे नेपाळी दिले, म्हणजे आपले पाचशे. मावशींनी कमरेच्या पिशवीतून शंभराच्या आठ भारतीय नोटा काढून दिल्या होत्या.

"म्हणजे माझे तीनशे गेले का रे बाळा?" मावशींनी मला विचारले.

"गेले, मावशी."

त्या काही बोलल्या नाहीत. मूर्ती पुन्हा पदरात गुंडाळून ठेवली. बसमध्ये मात्र चर्चा सुरू झाली, आणि ती लगेच नको त्या वळणावर गेली. नेपाळी लोक लबाड, पर्यटकांना लुटतात, वगैरे वगैरे. मी मावशींना खोदून विचारले तेव्हा कळले की दुकानदाराने "आयसी देंगी?" असे एकदा विचारले होते. मावशींना वाटले मूर्तीबद्दलच काहीतरी विचारतोय. त्यांनी मान हलवली. आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी करन्सी. नेपाळच्या बाजारात ही दोन अक्षरे पोराटोरांच्या तोंडी असतात. बेचाळीस माणसांना सीमेपलीकडे नेणाऱ्या आयोजकाने, म्हणजे मी, ती कोणालाच सांगितली नव्हती.

दुकानदार आयसी घेतल्यावर आकडा कमी करायला हवा होता, हे खरे. पण त्याच्या देशात, त्याच्या दुकानात, त्याने त्याच्या चलनातला भाव सांगितला होता. 'रुपया' हा शब्द ऐकला की तो आपलाच, असे आपण धरून चाललो होतो. नेपाळचा रुपया, श्रीलंकेचा रुपया, मॉरिशसचा रुपया, पाकिस्तानचा रुपया असे किती रुपये आहेत! नाव एक, किंमत वेगळी. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून आपल्या रुपयाशी बांधलेला आहे: आपला १ म्हणजे त्यांचे १.६०. तीन दशकांहून जास्त काळ जो दर हललेला नाही, तो आमच्या बसमध्ये चारपाच जणांनाच माहीत होता.

परदेशात गेल्यावर पैसे तिथल्या चलनात द्यावेत की आपल्या, हा प्रश्न आंबेडकरी ब्लॉगवर कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या समाजाच्या पोटापाण्याचे प्रश्न सुटलेले नाहीत, परदेशवाऱ्यांचे काय घेऊन बसलात? पण आज लुंबिनीला, बँकॉकला, अनुराधापूरला जाणाऱ्या बसेस आणि विमाने कोणाच्या पैशाने भरतात ते पाहा. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडन, मेलबर्नला निघालेली आपली पोरे पाहा. आखातात वेल्डिंग करणारे भाऊ पाहा. पैसा थोडा आहे म्हणूनच दराचा प्रश्न आपला आहे. श्रीमंताचे तीनशे गेले तर त्याला कळतही नाही. मावशींचे तीनशे म्हणजे एका घरच्या पगाराचा मोठा तुकडा.

आणि दुसरे कारण असे की, रुपयाचा दर कोण ठरवतो आणि त्यात कोण बुडतो, हा प्रश्न ज्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून सोडवायला घेतला, त्याचे फोटो आपल्या घरोघरी आहेत.

आधी थोडे नाशिकबद्दल. आपल्या शहराला नोटांचे शहर म्हणतात. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ पासून करन्सी नोट प्रेस सुरू झाली. आपल्या वस्त्यांतली कित्येक माणसे तिथून रिटायर झाली आहेत. पण फार थोड्यांना ठाऊक असते की नेपाळच्या पहिल्या कागदी नोटाही इथेच छापल्या गेल्या. १९४५ साली राजा त्रिभुवनाचे चित्र असलेल्या त्या नोटा नाशिकहून गेल्या. त्याआधी तिथे नाणी होती, आणि त्यांच्या जोडीला तराईत आपला रुपया धडाक्यात चालत होता. तो इतका चालत होता की आपल्या चलनाला आपल्याच देशात जागा कशी करून द्यावी, हा नेपाळपुढचा मोठा प्रश्न होता. नेपाळ राष्ट्र बँक स्थापन झाली १९५६ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते.

म्हणजे "आपला रुपया तिकडे चालतो" ही गोष्ट आपल्याला जितकी अभिमानाची वाटते, तितकी ती तिकडच्या माणसाला वाटेलच असे नाही. २०१६ साली काय झाले ते आठवा. त्याच्या आधीच्या वर्षी भारताच्या पाचशे आणि हजाराच्या नोटा मर्यादित रकमेपर्यंत नेपाळमध्ये नेण्याची मुभा पुन्हा मिळाली होती. आठ नोव्हेंबरच्या रात्री त्या नोटा कागद झाल्या. आपण रांगेत उभे राहिलो, हाल झाले, पण बँकेत भरल्या तरी. नेपाळच्या तराईतला शेतकरी, दिल्ली-मुंबईत वॉचमनचे काम करून गावी परतलेला मजूर, सीमेवरची चहावाली, यांनी कुठे भरायच्या? नेपाळची मध्यवर्ती बँक मागणी करत राहिली, पण त्या नोटा बदलून मिळाल्या नाहीत. ज्या निर्णयात त्यांचे मत नव्हते, ज्या सरकारला ते मत देत नव्हते, त्या निर्णयाने त्यांची पुंजी गेली. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली तेव्हा आपल्या चॅनेलांवर ओरड झाली. मला तरी त्यात आश्चर्य वाटले नाही. (हे नियम वारंवार बदलतात. निघण्यापूर्वी त्या आठवड्यातला नियम पाहून घ्या. शंभर आणि त्याखालच्या नोटा आतापर्यंत सुरक्षित राहिल्या आहेत.)

हेच आखातात आधी घडून गेले होते. कुवेत, बहारीन, दुबई या भागांत एकेकाळी आपला रुपया हेच रोजचे चलन होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. १९६६ च्या जूनमध्ये दिल्लीने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला पावणेपाच रुपये पडत होते, ते साडेसात झाले. दुबईतल्या मासेविक्याचा दिल्लीच्या अर्थसंकल्पाशी काय संबंध? पण त्याच्या घरातल्या रुपयाची किंमत एका रात्रीत उतरली. तिथल्या राज्यांनी लवकरच रुपया सोडून दिला. कुवेत शहाणे, त्याने १९६१ मध्येच स्वतःचा दिनार आणला होता.

दुसऱ्याच्या घरचे चलन खिशात ठेवणाऱ्याच्या वाट्याला हे येते. आता उलट बाजू पाहू: दुसऱ्याच्या घरी जाऊन आपल्या चलनात पैसे देणाऱ्याचे काय होते?

माझी एक भाची शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेली. घरातली पहिली मुलगी जी विमानात बसली. पहिल्या आठवड्यात पांघरूण, भांडी, जाकीट असे सामान घ्यायला ती दुकानात गेली. कार्ड मशीनला लावले तर मशीनने विचारले: पौंडात देणार की भारतीय रुपयात? शेजारी रुपयातला आकडा तयार होता. तिने रुपया दाबला. मला फोनवर म्हणाली, "मामा, रुपयात दाखवलं की बरं वाटतं. किती गेले ते कळतं."

बरोबर. कळते. पण ते कळण्याची किंमत किती, हे मशीन मोठ्या अक्षरात सांगत नाही.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. तुम्ही रुपया निवडला की पौंडाचे रुपये करण्याचे काम तुमच्या बँकेकडून काढून त्या दुकानाच्या बँकेकडे आणि तिच्याशी करार केलेल्या कंपनीकडे जाते. दर ती ठरवते. बाजारातल्या दरावर ती स्वतःचा नफा चढवते, त्यातला वाटा दुकानालाही मिळतो. म्हणूनच काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस तुम्हाला न विचारताच रुपयाचे बटण दाबून मशीन पुढे करतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांप्रमाणे निवड तुमची असते आणि दर तुम्हाला दाखवावा लागतो. तुम्ही नाही म्हणू शकता. चुकून दाबले गेले असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावू शकता.

आकडे मांडून पाहू. समजा पौंडाचा बाजारभाव ११० रुपये आहे आणि सामान ५० पौंडांचे. म्हणजे ५,५०० रुपये. दुकानाच्या मशीनने पाच टक्के चढवले तर रुपयात ५,७७५ होतात. तेच पौंडात दिले तर काय? तिथेही फुकट काही नाही. आपल्या बऱ्याच बँका परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. हिशेब केला तर साधारण ५,७२७ होतात. म्हणजे फरक फक्त अठ्ठेचाळीस रुपये! इथे कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा लेख?

थांबा, हिशेब संपला नाही. दुकान परदेशातले असेल तर व्यवहार रुपयात झाला तरी बऱ्याच बँका आपले शुल्क लावतातच. मग ५,७७५ वर पुन्हा साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे सहा हजारांच्या वर. एकाच सामानावर दोघांनी हात मारला. उलट मार्कअप न लावणारे कार्ड किंवा आधीच पौंड भरलेले फॉरेक्स कार्ड असेल तर पौंडात देणाऱ्याचे ५,५०० च्या आसपासच जातात. पन्नास पौंडांवर पाचशे रुपये. पुढे घराचे डिपॉझिट, लॅपटॉप, परतीचे तिकीट. एका शैक्षणिक वर्षात हा आकडा कुठे जातो, ते त्या मुलांनी आपापल्या स्टेटमेंटवर मोजावे.

आणखी एक फरक आहे, आणि तो मला पैशांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपली बँक किती मार्कअप घेते ते आपण नाशिकमध्ये बसून विचारू शकतो. ते लिहिलेले असते, त्यावर भांडता येते, बँक बदलता येते. परक्या दुकानातल्या मशीनचा दर दुकानागणिक वेगळा, आणि मागे रांग उभी असताना तो वाचायला तीन सेकंद मिळतात. स्क्रीनवर रुपया दिसला म्हणून दर आपल्या हातात आला, असा भास होतो. प्रत्यक्षात तो आपल्या हातातून गेलेला असतो.

यावर एका कार्यकर्त्या मित्राने मला सुनावले, "भाऊ, मी तर मुद्दाम रुपयाच दाबतो. आपला पैसा आपल्या देशात राहतो. देशप्रेम नावाची काही गोष्ट आहे की नाही?" मित्र तळमळीचा आहे, म्हणून उत्तर देतो. पैसा देशात राहत नाही. दुकानदाराला पौंडच मिळतात. रुपया फक्त स्क्रीनवर असतो, आणि मधला नफा परदेशी बँकेला जातो. देशप्रेमाच्या नावाने आपण वर्गणी भरली, ती इंग्रजाच्या दुकानाला!

रुपयाकडे अभिमानाचे चिन्ह म्हणून पाहणे ही बाबासाहेबांची पद्धतच नव्हती. इथे जरा थांबून बोलू, कारण आपल्याकडे 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चे नाव फार घेतले जाते आणि पुस्तक फार थोडे उघडले जाते. दर चौदा एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड येतो, रिझर्व्ह बँक या पुस्तकातून जन्मली. मी तो पाठवणाऱ्याला एकच विचारतो, पुस्तकात बाबासाहेबांचे भांडण कोणाशी होते? पुढे शांतता.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. ती होती दरमहा साडेअकरा पौंड, आणि खर्च डॉलरात. १९२० मध्ये लंडनला परतले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. हे सगळे रुपये. लंडनमधली खोली, पाव आणि ग्रंथालयाकडे जाण्याचा खर्च मात्र पौंडात. आणि नेमक्या त्याच वर्षी रुपयाचा दर वेड्यासारखा हलत होता. सरकारने १९२० मध्ये रुपया दोन शिलिंगांवर बांधायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढच्या वर्षी रुपया सोळा पेन्सच्या आसपास आणि त्याच्याही खाली आला होता. दोन शिलिंगांच्या दराने हजार रुपयांचे शंभर पौंड होतात. सोळा पेन्सच्या दराने सदुसष्टही होत नाहीत. रुपये तेवढेच, हजार. विद्यार्थ्याचे तेहतीस पौंड कुठे गेले?

या अनुभवातून पुस्तक निघाले असे मी म्हणत नाही. तो विषय त्यांनी अभ्यासाने निवडला होता. पण १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने छापलेला तो ग्रंथ लिहिणारा माणूस परक्या चलनात रोजचा खर्च चालवत होता, हे विसरू नये.

त्या काळची व्यवस्था अशी. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पूर्वी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शके, ते थांबले. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर बांधला, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड. देशाच्या आत रुपया, आणि बाहेरचे देणे असेल तर सरकार लंडनमध्ये ठरल्या दराने पौंड देणार. याला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणत. घरात एक पैसा, बाहेर दुसरा. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये या पद्धतीची बाजू घेतली होती. लंडनमध्ये शिकणारा एक अस्पृश्य विद्यार्थी म्हणाला, ही पद्धत चूक आहे.

का चूक? कारण तिने बाहेरचा दर सांभाळला आणि आतले मोल सोडून दिले. सरकारला हवे तितके रुपये पाडण्याची मोकळीक राहिली. रुपये वाढले की किमती वाढतात. लंडनशी व्यापार करणाऱ्याला दर स्थिर मिळतो, पण बाजारात ज्वारी घेणाऱ्या बाईच्या रुपयाचे वजन रोज घटते. बाबासाहेबांचा आग्रह असा की, रुपयाचे मोल आधी देशातल्या वस्तूंमध्ये पाहा, परदेशी दरात नंतर. रुपया पाडण्यावर कडक मर्यादा घाला, सरकारच्या मर्जीवर तो सोडू नका. पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. रुपया उतरवा म्हणजे निर्यात वाढेल, अशी ओरड व्यापारी करत होते तेव्हा त्यांनी दाखवून दिले की रुपया उतरला तर किमती आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, आणि मधल्या फरकावर मालक कमावतो. त्यांच्या गुरूंनी, प्रा. कॅनन यांनी, ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्याच प्रस्तावनेत सगळे पटत नसल्याचेही लिहिले. बाबासाहेबांनी ती तशीच छापली. (आपल्या संघटनांच्या स्मरणिकेत असे कोणी छापेल का, हा वेगळा विषय.)

तर माझ्या भाचीच्या मशीनचा आणि त्या ग्रंथाचा संबंध इतकाच. दर ही निसर्गातली गोष्ट नाही. तो कोणीतरी लावतो, आणि लावणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ असतो. समोरच्या आकड्यावर रुपयाचे चिन्ह आहे की पौंडाचे, यावरून तो आपला होत नाही.

नाशिककरांना हे कळायला लंडन कशाला, त्रिरश्मी लेणी पुरेत. दर पौर्णिमेला आपण तिथे वंदनेला जातो. दहा नंबरच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्खूसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी. करा हिशेब: महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस जणांत बारा. एका नाण्याचाही घोळ नाही.

आणि त्याच लेखात पुढे दुसऱ्या एका दानाची नोंद आहे, सत्तर हजार कार्षापणांची. ते दान देव आणि ब्राह्मणांना होते, हेही लक्षात असू द्या. पण नोंद कशी आहे पाहा: पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने, एकूण दोन हजार सुवर्ण. चांदीच्या नाण्याचा सोन्याच्या नाण्याशी दर दगडात कोरून ठेवला आहे, आणि हे सगळे गावाच्या सभेत जाहीर वाचून दाखवले, दप्तरात नोंदवले, असेही त्यात म्हटले आहे. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी जे भिंतीवर लिहिले जात होते, ते आज धम्मयात्रेच्या पत्रकावर लिहिलेले नसते.

पत्रकावर काय असते? 'लुंबिनी, काठमांडूसह दहा दिवस, एकूण खर्च अमुक हजार'. थायलंड-श्रीलंकेच्या सहलींचेही तसेच. त्यातले डॉलर किती, कोणत्या दराने धरले, दर उतरला तर परत काय मिळणार, चढला तर जास्त कोण भरणार, यावर एक ओळ नाही. आयोजक आपलेच लोक असतात, जयभीम घालतात, म्हणून विचारायला संकोच वाटतो. मलाही कोणी विचारले नाही. विचारायला हवे होते. मावशींचे तीनशे वाचले असते.

म्हणून यंदाच्या यात्रेसाठी आम्ही जे ठरवले ते इथे लिहितो, कोणाला उपयोगी पडले तर पडो. नेपाळमध्ये सगळे पैसे बदलून घ्यायची गरज नाही. दर बांधलेला आहे, आणि परत येताना उरलेले नेपाळी पैसे पुन्हा मोडताना तोटा होतो. शंभराच्या नोटा न्यायच्या, चहा-मेणबत्तीपुरते थोडे नेपाळी सीमेवर घ्यायचे. पण भाव नेहमी एनसीत विचारायचा, आणि आयसीत द्यायचे तर भागिले १.६ करून द्यायचे. कोणी दीडने हिशेब करू लागला तर हसून १.६ म्हणायचे. तिथले लोक भांडत नाहीत. काही दुकानांत २०२४ पासून आपल्या यूपीआयने क्यूआर स्कॅन होतो. पिन टाकण्यापूर्वी खात्यातून रुपयात किती जाणार ते स्क्रीनवर वाचायचे.

थायलंड, श्रीलंका, जपान, युरोप इथे प्रश्नच नाही. मशीनने विचारले की तिथलेच चलन. एटीएममधून पैसे काढताना तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, कन्व्हर्जन स्वीकारणार का? नाही म्हणायचे. घाबरू नका, पैसे तरीही बाहेर येतात. थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाटच्या आसपास वेगळे शुल्क लागते, तेव्हा तीनदा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. आणि शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलांनी, घरच्यांनी कार्ड हातात देण्यापूर्वी बँकेत जाऊन लेखी विचारा: परदेशी व्यवहारावर मार्कअप किती, आणि परदेशी दुकानात रुपयात दिले तरी तो लागतो का? काउंटरवरच्या साहेबाला बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येत नाही. ते येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

आमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला या वेळी मोठ्या टायपात एक तक्ता छापला आहे. डावीकडे एनसी, उजवीकडे आयसी: १६० ला १००, ३२० ला २००, ८०० ला ५००. तो तयार झाल्यावर पहिली प्रत मावशींकडे घेऊन गेलो. त्यांना वाचता येत नाही. नातीकडून त्यांनी आठशेची ओळ दोनदा वाचून घेतली, कागदाची घडी करून त्या मूर्तीच्या खाली ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा माझं नाव लिही. आणि त्या दुकानदाराकडं मला पुन्हा घेऊन चल."